लाल्याचं आवतन

एक गोष्ट पहिलेच सांगून ठेवतो. ह्या गोपालनं एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. मंग गाव आडवं येवो, बायको आडवी येवो, नाहीतं सासरा आडवा येवो, हा गडी माघार घेत नाही. तं औंदाच्या पोळ्याले मी ठरवलं, का तोरणाखालून पहिला जाईन तं आपला ट्रॅक्टरच जाईन!

तुमी म्हणसान, पोळा बैलाचा सण, त्यात ट्रॅक्टर कुठून घुसला? तेच तं सांगून राह्यलो.

आमचं गाव महागाव तालुक्यात. पोळ्याच्या दिवशी सारे कास्तकार आपापली जोडी सजवून आखरावर नेतात. आखर म्हणजे गावाच्या शिवेवरची मोकळी जागा. तिथी दोन बल्ल्या गाडून आंब्याच्या पानाचं तोरण बांधलं असते. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, होतात, पूजा होते, अन् मंग मानाची जोडी तोरणाखालून पहिली निघते. ती निघाली का पोळा फुटला. मंग बाकीच्यायच्या जोड्या. अन् हा मान आमच्या घरचा आहे, आज्याच्या आज्यापासून. माह्या घरी सोनं नाही, माडी नाही, पण हा मान आहे. माझा बाप तापानं फणफणत असताना बैलाचा कासरा धरून आखरावर गेलता, पण मान सोडला नाही.

अन् मी काय केलं? उन्हाळ्यात बैल इकले.

पाखऱ्या अन् मोऱ्या. नांगरटीले ट्रॅक्टर घेतला, मंग बैल अन् ट्रॅक्टर दोन्ही पोसणं काही जमेना. बैल घेतले धावजीभाऊनं. धावजीभाऊ तांड्यातला, तांडा आमच्या गावाले लागून, अन् पोळा दोघायचा एकाच आखरावर. माणूस सोन्यासारखा, पण चिडवाले बसला का उठत नाही. श्रावण लागला तसा रोज हटकून भेटे अन् म्हणे, "गोपालभाऊ, काळजी करू नका. औंदाबी तोरणाखालून पाखऱ्याच पहिला जाते. फक्त कासरा माह्या हातात राहीन." मी हसल्यासारखं करो. पण घास काही गोड लागे ना. कारण बोलणं तं खरं होतं. ज्याच्या दावणीले जोडीच नाही, त्याचा मान कायचा?

शेवटी मी देवरावकाकाकडं गेलो. गावात पोळ्याचा सारा कारभार त्यायच्या हाती. तोरण ते बांधतात, अन् पोळ्याच्या बाबतीत ते म्हणतीन ते कायदा. मी त्यायले समजावलं, का काका, माह्या वावरात नांगरते कोण, ट्रॅक्टर. पेरते कोण, ट्रॅक्टर. कापूस वाहून नेते कोण, ट्रॅक्टर. मंग माह्या घरचा बैल कोण? देवरावकाकानं तंबाखू मळली, तोंडात टाकली. मंग म्हणाले, "आण ट्रॅक्टर. पण बैल म्हणून आणतं, तं बैलाचं सारं कराचं. आंघोळ, खांदमळण, आवतन, सारं. अन् घरचा बैल आपल्या पायानं तोरणाखालून गेला पायजे. नाही गेला, तं मान धावजीकडं. अन् मंग तो कायमचाच."

मी म्हणलं मंजूर. अन् घरी येऊन सारं काम शामवर सोपवलं. इथी माह्यं चुकलं.

शाम माझा पोरगा. तिसरीत आहे. अंगानं काडी, पण डोक्यात अख्खी जत्रा भरली असते. आमच्या इहिरीतला बेडूक त्याच्या हिशोबानं तलाठी आहे अन् म्हणूनच तो कोणाले दिसत नाही. एकदा शाळेत उशिरा गेला, गुरुजीनं इचारलं काहून रे, तं म्हणे, गुरुजी, रस्ता झोपलता, त्याच्यावर पाय पडू नये म्हणून मी वावरावावरातून आलो. गुरुजीनंबी त्याले बसू देल्लं. माझी बायको ममता म्हणते, या पोट्ट्याच्या डोक्याले वेसणच नाही. मी म्हणतो, राहू दे, मोठा झाला का आपोआप लागते.

बैल गेले तसा हा पोट्टा कितीतरी दिवस रिकाम्या कोठ्यात जाऊन बसे. कोणाशी बोले नाही. मंग एक दिवस त्यानं ट्रॅक्टरशी बोलणं सुरू केलं. त्याचं नाव ठेवलं लाल्या. लाल्याले अंधाराचं भेव वाटते. लाल्या सकाळी खोकलते, त्याले आल्याचा काढा द्या. कोठ्याच्या भिंतीवर त्यानं कोळशानं लाल्याचं भलंमोठं चित्र काढलं. चार पाय, मागं गोंडेदार शेपूट, अन् तोंड एका घमेल्यात घातलेलं. मले एवढं हसू आलं का मी त्या चित्राचा फोटो काढला अन् 'माझा औंदाचा बैल' म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकला. चित्र नीट पाहाले पायजे होतं. पोट्ट्यानं काय करणार ते भिंतीवर काढून ठेवलतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्याले बोलावलं अन् सांगतलं, का शाम, पाखऱ्याले जे जे करत होतो, ते सारं लाल्याले कराचं. काहीच बाकी ठेवू नको. ममता चुलीजवळून म्हणाली, "अजी, त्याले असं मोघम सांगू नका. काय कराचं अन् काय नाही, ते दोन्ही सांगा." मी म्हणलं, पोट्ट्यावर भरोसा ठेवावा माणसानं. अन् झूल, बेगड, घुंगरमाळ आणाले महागावले निघून गेलो.

संध्याकाळी येऊन पाहतो तं माझी छाती फुगली. शाम वाटीत तूप अन् हळद घेऊन, पळसाच्या पानानं ट्रॅक्टरचं बोनेट मळून राह्यला. बैलाचे खांदे वर्षभर जू ओढतात, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी ते मळून देतात, अन् मंग बैलाच्या कानात आवतन, म्हणजे उद्याच्या जेवणाचं बोलावणं, सांगतात. तसंच शामनंबी सांगतलं. आता ट्रॅक्टरले कान कुठी? पण त्यानं लाईट म्हणजे डोळे धरले, अन् डोळ्याच्या मागं जिथी कान असाले पायजे, तिथी तोंड लावून हळूच म्हणला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

अन् माह्याकडं पाहून म्हणे, बाबा, लाल्या हो म्हणला.

मी त्याच्या डोक्यावर हात फिरवला. बाकी कुठीकुठी मळलं, ते काही पाह्यलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाल्याले धुतला, पुसला. बोनेटवर झूल. पळसाच्या दोन वाकड्या फांद्यायले बेगड लावून शिंगं केली. गळ्यात घुंगरमाळ. शामचा हट्ट, का वेसण पायजेच. म्हणून समोरच्या हुकात नवाकोरा दोर बांधला, त्याचा कासरा केला. ममता सकाळपासून पुरणात गुंतली होती. मधात तिनं आतून इचारलं, का पुरणाच्या पोळ्या कमी काहून दिसून राह्यल्या, अन् आंबलीचं भगुणं कोणं रिकामं केलं? मी म्हणलं मांजर असन. मांजर आंबील पिते का, हा इचार त्या घाईत कोण करते?

पांढरा पायजमा, पांढरा सदरा, डोक्याले फेटा. असा मी सीटवर बसलो, अन् बसल्याबरोबर इकडून तिकडं घसरलो. सीटवर तूप. स्टेरिंग धरलं, तं हात फिरे अन् स्टेरिंग जागच्या जागी. क्लचवर पाय ठेवला, पाय सटकला, अन् ट्रॅक्टरनं गोऱ्ह्यासारखी उडी मारली. दारातल्या रांगोळीवरून गेला, कुंडी फोडली अन् तुळशीपासून हातभर अलीकडं थांबला. शाम टाळ्या वाजवत होता. लाल्याले आनंद झाला म्हणे.

मी दात खाऊन इचारलं, तूप कुठीकुठी लावलं बे? त्यानं शांतपणे समजावलं. खांदा कायले मळतात? जिथी भार पडते तिथी दुखते म्हणून. बाबा, तुमी लाल्याले कुठीकुठी दाबता? सीटवर बसता. स्टेरिंग पिळता. क्लच दाबता, ब्रेक तं लातेनंच दाबता. तिथीच दुखत असन ना त्याले?

 याचं उत्तर तुमाले सुचलं तं कळवा.

तसाच घसरत, सावरत आखरावर पोचलो. पिवळा पायजमा घेऊन. गावातल्या, तांड्यातल्या साऱ्या जोड्या रांगेत उभ्या होत्या, अन् त्यायच्या समोर आमचा लाल्या. बरोबर मागं धावजीभाऊ, पाखऱ्या-मोऱ्याले घेऊन. पाखऱ्यानं मान वर करून माह्याकडं पाह्यलं अन् नाक फुरफुरवलं. शाम पळत जाऊन त्याच्या गळ्याले लटकला. मी समोर तोंड करून बसलो. आज मले तोरणाशिवाय काही पाहाचं नव्हतं.

झडत्या सुरू झाल्या. इंजिन बंद करा, असं लोकं ओरडून राह्यलते, पण बंद केलं अन् चालूच नाही झालं तं? मी काही बंद केलं नाही. तेवढ्यात लाल्या खोकलला. मंग थांबला. मंग लय मोठ्यानं खोकलला अन् काळा धूर सोडला. शाम सीटजवळ येऊन कौतुकानं म्हणे, ढेकर देऊन राह्यला.

मी इचारलं, कायचा ढेकर? पण तेवढ्यात देवरावकाकानं हात वर केला. चला, मानाचा बैल येऊ द्या. मी क्लच दाबला, पाय घट्ट रोवला, गिअर टाकला. लाल्या निघाला. सारं गाव पाहून राह्यलं. मी फेटा सावरला, अन् तोरण बल्लीभर दूर असताना लाल्यानं एक हिसका देल्ला अन् गपकन बंद पडला.

चाबी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. घर्रघर्र करे अन् गप.  प्रत्येक हिसक्याले फक्त घुंगरमाळ वाजे.

मी खाली उतरलो, डिझेलच्या टाकीचं झाकण काढलं, अन् आतून वास आला तो आंबलीचा. वरच पुरणाचा लगदा तरंगत होता.

शामले इचारलं, तं तो जराबी घाबरला नाही. उलट माह्याकडं असा पाहे, का मले एवढंबी कसं कळत नाही. म्हणे, "बाबा, लाल्यानं आवतन घेतलतं ना. मंग त्याले जेवू घालाचं का नाही? तुमी त्याले तिथूनच पाजता, मंग तोंड तेच ना?" अन् मंग बारीक आवाजात म्हणे, "आवतन देऊन उपाशी ठेवाचं का?"

मी पोट्ट्यावर हात उगारणार होतो, खोटं कायले बोलू. पण देवरावकाकानंच मधात तोंड घातलं. म्हणाले, पोरगा बरोबर बोलून राह्यला. आवतन देल्लं तं जेवू घालाच लागते. खांदमळण केली, आवतन केलं, जेवू घातलं. पोट्ट्यानं बैलाचं सारं केलं गोपाल, तुझाच बैल चालून नाही राह्यला. असं म्हणून त्यायनं धावजीभाऊले पुढं यायची खूण केली.

माह्या डोळ्यासमोर आज्याच्या आज्यापासूनचा मान धावजीभाऊच्या दावणीले जाऊन राह्यला. मी आडवा झालो. म्हणलं थांबा, धावजीभाऊची जोडी लाल्याले जुंपा, ओढून घेतो. तशी सारी माणसं माह्या अंगावर आली. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू? आजच्या दिवशी कोणी बैलाले काडीचंबी काम लावत नाही, अन् हा ट्रॅक्टर ओढाले लावते! बायाबी बोलाले लागल्या. मी कान धरले. मंग म्हणलं दुसऱ्याचा ट्रॅक्टर आणतो अन् दोर लावून ओढतो. देवरावकाकानं इचारलं, मंग तोरणाखालून पहिला तुझा गेला का त्याचा? 

मंग मात्र माह्यं डोकं तापलं. मी चपला काढल्या, फेटा कसला, समोरच्या हुकातला तो नवा कासरा उचलला अन् आपल्या खांद्यावर टाकला. गिअर काढला, शामले सीटवर बसवलं, स्टेरिंग सरळ धर म्हणलं. कोणीतरी मागून म्हणलं, गोपालले भूत लागलं वाटते. देवरावकाका म्हणाले, "गोपाल, हे काय करून राह्यला?"

मी म्हणलं, "काका, माह्या घरचं कोणीतरी तोरणाखालून पहिलं गेलं पायजे ना? मंग जाते."

अन् ओढाले लागलो. ट्रॅक्टर हलते का असा एकट्या माणसानं? पायाखालची माती सरके, दोर खांद्यात रुते, ट्रॅक्टर जिथल्या तिथी. शाम वरून ओरडून राह्यला, "हो बाबा! हो राजा! चाल पुढं!" अगदी तो पाखऱ्याले म्हणे तसंच. लोकायले हसू आवरे ना. पण मी काही दोर सोडला नाही.

तेवढ्यात लाल्या हलला. मागं वळून पाहतो, तं धावजीभाऊ मोऱ्याचा कासरा दुसऱ्याच्या हाती देऊन, ट्रॅक्टरले मागून खांदा लावून उभा. ज्याच्याकडं मान चालला होता तोच! तो लागला तसे बाकीचे जवानबी लागले. लाल्या इंचाइंचानं सरकाले लागला. पण धावजीभाऊनं एक गोष्ट इसरली. पाखऱ्याचा कासरा त्यानं कोणाच्याच हाती देल्ला नव्हता.

पाखऱ्या डुलत डुलत ट्रॅक्टरच्या बाजूनं पुढं आला.  हा माह्या पुढं गेला, तोरणाखालून पहिला निघाला, तं खेळ खलास. मी त्याले हाड म्हणलं, हूस म्हणलं, हात जोडले. तो माह्या बरोबर मागं येऊन थांबला. त्याले माझा पिवळा पायजमा दिसला, त्यावरच्या तुपाचा वास आला, अन् त्यानं आपली ती खरखरीत जीभ काढून मागून मले चाटाले सुरुवात केली.

सज्जन हो, बैलाची जीभ ज्याले लागली त्यालेच ठाऊक. मी उडी मारली. तो अजून पुढं आला अन् कपाळानं धक्का देऊन चाटाले लागला. मी पुन्हा उडी मारली. अशा दोन-तीन उड्या मारत, दोर खांद्यावर, फेटा गळ्यात, मी तोरणाखालून पार झालो अन् पलीकडं तोंडावर आपटलो. माह्या मागून पाखऱ्या. त्याच्या मागून लाल्या.

मी धुळीत पडल्या पडल्याच इचारलं, काका, मान कोणाचा?

देवरावकाकाले हसता हसता बोलता येईना. डोळे पुसून त्यायनं साऱ्या गावासमोर निवाडा देल्ला. म्हणाले, "माह्यं बोलणं काय होतं? गोपालच्या घरचा बैल आपल्या पायानं पहिला गेला पायजे. तं गेला. खांद्यावर दोर होता, आपल्याच पायानं गेला, मी डोळ्यानं पाह्यलं. मान गोपालच्याच घरी राह्यला. पुढच्या वर्षीबी हाच बैल आणजो बावा."

पोळा फुटला. एवढं हसू त्या आखरानं कधी ऐकलं नसन. धावजीभाऊनं मले उठवलं, धूळ झटकली अन् म्हणे, गोपालभाऊ, जोडी तं पक्की जमली. इकाचा इचार असन तं सांगा, पाखऱ्याच्या बाजूले जागा आहे.

घरी पोचलो तं ममता दारात ताट घेऊन उभी. पोळ्यावरून आलेल्या बैलाचे पाय धुतात, कुंकू लावतात, सुपात पुरणपोळी देतात. तिनं इचारलं, बैल कुठी आहे? शामनं माह्याकडं बोट दाखवलं अन् सारी हकीकत सांगतली, अन् यावेळी पोट्ट्याले आपल्या डोक्यातलं एक अक्षरबी घालाची गरज पडली नाही.  ममता खाली बसली, माह्या पायावर पाणी घातलं, कपाळाले कुंकू लावलं, अन् पुरणपोळी समोर केली. सुपातच. मी इकडंतिकडं पाह्यलं अन् खाल्ली. भूक लागली होती.

संध्याकाळी बाजेवर पालथा पडलो होतो. दोराचा वळ खांद्यावर लालभडक उमटलता. ट्रॅक्टर आखरावरच उभा, उद्या मिस्त्री येईन अन् टाकीतून पुरण काढीन, तेव्हा त्याले काय सांगाचं याचा मी इचार करून राह्यलो. तेवढ्यात शाम आला. हातात तीच वाटी, तूप अन् हळद, अन् पळसाचं पान. माह्या खांद्याले मळाले लागला. हात लहानसा, पण बरोबर दुखते तिथीच फिरून राह्यला. मंग वाकला अन् कानात म्हणला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी हो म्हणलं. दुसरं काय म्हणणार?

थोडा वेळ तो मळत राह्यला. मंग त्याचा हात थांबला. अजून खाली वाकून, कोणाले ऐकू जाऊ नये असा म्हणे, "बाबा, पाखऱ्यालेबी आपण असंच मळलतं. मानबी त्यानंच आणलता. अन् मंग तुमी त्याले इकला."  त्यानं माह्या मानेवर हात ठेवला. "पण तुमी भेव नका. धावजीकाकानं कितीबी मागू दे, मी तुमाले इकू देणार नाही."

 मी कुशीवर झालो अन् दुसरा खांदाबी पुढं केला.